तांब्याच्या तारा

भारतातून आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक प्रश्न विचारतोच. तोपर्यंत जेट लॅग उतरलेला असतो, मॉल बघून झालेले असतात, गाडीच्या मागच्या सीटवरून हायवेचं कौतुकही करून झालेलं असतं. मग हळूच येतो तो प्रश्न: "एवढा श्रीमंत देश, आणि यांच्याकडे धड रेल्वे कशी नाही रे?"

याची दोन ठरलेली उत्तरं आहेत. पहिलं, मोटार आणि तेल कंपन्यांनी रेल्वे मारली. दुसरं, इथे अंतरं मोठी आणि वस्ती विरळ, त्यामुळे रेल्वे परवडतच नाही. दोन्हींत थोडं थोडं तथ्य आहे. पण दुसऱ्या उत्तराबद्दल एवढंच सांगतो की १९१६ साली याच देशात अडीच लाख मैलांहून जास्त लोहमार्ग होता. १९२० साली इथली लोकसंख्या साडेदहा कोटींच्या आसपास होती आणि रेल्वेचे प्रवास वर्षाला १२० कोटींवर होते. अंतरं तेव्हाही तेवढीच होती आणि वस्ती आजच्यापेक्षा विरळ होती. आणि पहिलं उत्तर मला जरा जास्तच सोपं वाटतं. एक खलनायक शोधला की आपण विचार करायचं थांबवतो.

म्हणून आज सगळ्या अमेरिकन रेल्वेचा इतिहास न सांगता एकाच मार्गाची गोष्ट सांगणार आहे. लांबण लागेल, पण चहा घेऊन बसा, मंडळी.

त्याआधी थोडं आपल्या घरचं. माझे एक काका मध्य रेल्वेत ड्रायव्हर होते. बरीच वर्षं घाटात काम. आम्ही मुलं त्यांना इंजिनाबद्दल काहीबाही विचारायचो. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट तेव्हा मला निव्वळ थाप वाटली होती. ते म्हणायचे, "अरे, घाट उतरताना आम्ही वीज खात नाही, वीज देतो. खाली उतरणारी गाडी वर चढणाऱ्या गाडीला ओढते!" पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं की यात थाप काहीच नाही. विजेची मोटर उलटी वापरली की ती जनित्र होते. उतारावर गाडीचं वजनच तिला फिरवतं, गाडीला ब्रेक लागतो आणि तयार झालेली वीज वरच्या तारेत परत जाते. ती चढावरच्या दुसऱ्या गाडीला मिळते. घाटात धावणारी ती जुनी, लांब नाकाची स्विस बनावटीची इंजिनं हे काम करत असत.

मुंबईत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला धावली आणि १९३०च्या सुमारास तारा घाट चढून पुणे आणि इगतपुरीपर्यंत पोचल्या. आपल्याकडे याचा अभिमान आहे आणि तो असावाच. पण हेच काम, घाटासकट, अमेरिकेत त्याच्या दहा वर्षं आधी झालं होतं. ज्या १९१५ साली खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं, त्याच वर्षाच्या अखेरीस मोंटाना राज्यातल्या रॉकी पर्वतात विजेच्या गाड्या धावू लागल्या. कंपनीचं नाव शिकागो, मिलवॉकी अँड सेंट पॉल. लोक तिला 'मिलवॉकी रोड' म्हणत.

ही कंपनी पश्चिम किनाऱ्याला उशिरा निघाली. तिच्या आधी गेलेल्या अनेक कंपन्यांना सरकारने मार्गाच्या दोन्ही बाजूंची लाखो एकर जमीन फुकट दिली होती. १८६९ साली पूर्व-पश्चिम जोडणारा पहिला लोहमार्ग पूर्ण झाला, तोही अशाच जमिनींच्या आणि सरकारी कर्जाच्या जोरावर. मिलवॉकीला मात्र जमीन विकत घ्यावी लागली. पाच पर्वतरांगा ओलांडून १९०९ साली तिचा मार्ग पूर्ण झाला. सहा कोटी डॉलरचा अंदाज होता, खर्च झाला तेवीस कोटींच्या वर. हे वाचून आपल्याकडच्या काही प्रकल्पांची आठवण आली तर ती माझी जबाबदारी नाही!

मार्ग तर झाला, पण वाफेची इंजिनं तिथे दमायची. हिवाळ्यात पारा उणे चाळीसपर्यंत उतरला की बॉयलरमध्ये पुरेशी वाफच धरत नसे. उन्हाळ्यात ठिणग्यांनी जंगलाला आग लागायची भीती. १९१०च्या ऑगस्टमध्ये आयडाहो आणि मोंटानात असा प्रचंड वणवा पेटला की मिलवॉकीच्या ड्रायव्हरांनी माणसांनी भरलेल्या गाड्या बोगद्यांत नेऊन उभ्या केल्या आणि जीव वाचवले. दुसरीकडे मोंटानात धबधबे होते, म्हणजे वीज होती. आणि तांबं होतं. अ‍ॅनाकोंडा ही तांब्याची बलाढ्य कंपनी तिथलीच. तिचे जॉन रायन तिथल्या वीज कंपनीचेही प्रमुख होते आणि मिलवॉकीच्या संचालक मंडळावरही होते. तार विकणारा, वीज विकणारा आणि दोन्ही विकत घ्यायचं ठरवणारा एकच! आजच्या भाषेत याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. पण काम मात्र चोख झालं. १९२०पर्यंत दोन टप्प्यांत मिळून सुमारे साडेसहाशे मैल मार्गावर ३००० व्होल्टची तार लागली. दोन टप्प्यांच्या मध्ये दोनशेहून जास्त मैलांचा तुकडा मात्र बिनतारेचाच राहिला. तो पुढेही कधी भरला गेला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या गोष्टीत स्टालिनसुद्धा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जनरल इलेक्ट्रिकने सोव्हिएत युनियनसाठी वीस दणकट विद्युत इंजिनं बांधली. तेवढ्यात शीतयुद्ध सुरू झालं आणि निर्यात थांबली. ती पडून राहिलेली इंजिनं मग इतरांना विकली गेली. १९५० साली त्यातली बारा मिलवॉकीने घेतली. कामगारांनी त्यांचं नाव ठेवलं 'लिटल जो', म्हणजे छोटा जोसेफ. स्टालिनच्या नावाची इंजिनं पुढची चोवीस वर्षं मोंटानात अमेरिकन माल ओढत होती.

आता वळूया धोरणांकडे. एकट्या मिलवॉकीचं नव्हे, सगळ्याच प्रवासी गाड्यांचं पुढे जे झालं ते एका घावात झालं नाही. छोटे छोटे निर्णय होते. त्यातला प्रत्येक त्या वेळी समंजसच वाटला असणार.

१९४६ साली शिकागोजवळ नेपरव्हिल इथे दोन गाड्यांची टक्कर होऊन चाळीसहून जास्त माणसं गेली. त्यानंतर नियामक आयोगाने ठरवलं की विशेष सिग्नल यंत्रणा नसेल तर ताशी ७९ मैलांपुढे जायचं नाही. हेतू चांगला होता. पण ती यंत्रणा स्वखर्चाने बसवायची होती, आणि तोट्यातल्या प्रवासी गाड्यांसाठी कोण बसवणार? मिलवॉकीच्याच 'हायवाथा' गाड्या १९३०च्या दशकात वाफेच्या इंजिनावर ताशी शंभर मैल ओलांडत होत्या. आज अमेरिकेच्या बऱ्याचशा भागात प्रवासी गाडीला ती ७९ मैलांची मर्यादा आहे.

मग आलं १९५६. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ४१,००० मैल महामार्गांचा कायदा केला. यातल्या खर्चाचा नव्वद टक्के वाटा केंद्राचा. पैसे पेट्रोलवरच्या करातून. रस्ता सरकार बांधणार, सरकार दुरुस्त करणार. रेल्वे कंपनी मात्र आपला मार्ग स्वतः बांधणार, स्वतः दुरुस्त करणार आणि वर त्याच जमिनीवर स्थानिक मालमत्ता करही भरणार. १९६७ साली टपाल खात्याने गाड्यांमधली टपालाची वाहतूक बहुतांशी काढून ट्रक आणि विमानांना दिली. अनेक प्रवासी गाड्या टपालाच्या पैशावरच तग धरून होत्या, त्या कोसळल्या. मिलवॉकीची मोंटानातून जाणारी 'ऑलिंपियन हायवाथा' तर १९६१ सालीच बंद झाली होती.

१९७० साली पेन सेंट्रल या अवाढव्य रेल्वे कंपनीचं दिवाळं निघालं आणि देश हादरला. त्याच वर्षी निक्सन यांनी कायद्यावर सही केली आणि १ मे १९७१ रोजी अ‍ॅमट्रॅक सुरू झाली. उरलेल्या प्रवासी गाड्यांपैकी जवळपास निम्म्या पहिल्याच दिवशी बंद झाल्या. उरलेल्यांनी नफा कमवावा अशी अपेक्षा ठेवली गेली. खाजगी कंपन्यांनी ज्या गोष्टीत तोटा होतो म्हणून हात टेकले, तीच सरकारी कंपनीने फायद्यात चालवावी, आणि तीही दुसऱ्यांच्या रुळांवर!

आता त्या तांब्याच्या तारांकडे परत येऊ. १९७३च्या सुरुवातीला मिलवॉकीने ठरवलं की विजेची गाडी बंद करायची, तारा काढायच्या, तांबं विकायचं. तांब्याला तेव्हा भाव चांगला होता आणि डिझेल स्वस्त होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेल रोखलं. काही महिन्यांत तेलाचा भाव तीन डॉलरवरून अकरा-बारा डॉलरवर गेला. पंपांवर रांगा लागल्या. जानेवारी १९७४ मध्ये निक्सन यांनी देशभर वेगमर्यादा ताशी ५५ मैलांवर आणली. आणि जून १९७४ मध्ये, हे सगळं चालू असताना, मोंटानातली शेवटची विजेची गाडी धावली आणि तारा उतरवल्या गेल्या. तांबं विकायला काढलं तोवर त्याचा भावही घसरला होता.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा तारखा दोनदा तपासून पाहिल्या. पाण्यावर तयार होणाऱ्या विजेवर चालणारी, उतारावर वीज परत देणारी आणि पर्वतरांगांमध्ये आधीच बांधून तयार असलेली व्यवस्था त्यांनी काढून टाकली. तीही तेलाच्या इतिहासातल्या सगळ्यात वाईट हिवाळ्यानंतर सहा महिन्यांत.

त्याच दिवसांत फ्रान्समध्ये काय चाललं होतं पाहा. त्यांच्या अतिवेगवान टीजीव्ही गाडीचा पहिला नमुना गॅस टर्बाइनवर, म्हणजे तेलावरच चालणारा होता. तेलाचा धक्का बसल्यावर त्यांनी तो विचार सोडला आणि वीज निवडली. मार्च १९७४ मध्ये सरकारने पॅरिस-ल्याँ मार्गाला मंजुरी दिली. १९८१ साली ती गाडी धावली. एकाच संकटातून एका देशाने तारा लावल्या आणि दुसऱ्याने उतरवल्या.

आता मिलवॉकीच्या साहेबांना मूर्ख म्हणणं फार सोपं आहे. पण त्यांच्या खुर्चीत बसून बघा. सगळी सामग्री पन्नास-साठ वर्षं जुनी झालेली. नूतनीकरणाला मोठं भांडवल हवं आणि कंपनीकडे पैसा नाही. मधला तो बिनतारेचा तुकडा असल्यामुळे इंजिनं बदला किंवा डिझेल तारेखालून चालवा, असा दुहेरी खर्च. डिझेल इंजिन हप्त्यावर मिळतं, कुठेही नेता येतं, नको झालं तर विकता येतं. तार जागची हलत नाही. कंपनीच्या हिशेबाच्या वहीत तार म्हणजे चालू भावाचं भंगार होतं. देशाच्या वहीत तीच तार म्हणजे पुढच्या प्रत्येक तेलटंचाईविरुद्धचा विमा होता. खरी अडचण एवढीच की देशाच्या नावाची ती वही लिहिणारं कोणी नव्हतंच.

डिसेंबर १९७७ मध्ये मिलवॉकीने दिवाळखोरी जाहीर केली. १९८० साली मोंटानापासून किनाऱ्यापर्यंतचा बहुतेक मार्ग सोडून दिला गेला. आयडाहो-मोंटाना सीमेवरच्या तुकड्यावर आज सायकलचा मार्ग आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही सहकुटुंब गेलो होतो. पावणेदोन मैलांचा थंडगार, मिट्ट काळोखी बोगदा, डोक्याला दिवे बांधून जायचं. मुलांना फार आवडलं. मला सारखी काकांची आठवण येत होती. हा उतार म्हणजे कधीकाळी चढावरच्या गाडीला ओढणारा उतार!

कोणी म्हणेल, अमेरिकेला तारा मानवतच नाहीत. तर तसंही नाही. न्यूयॉर्क-वॉशिंग्टन मार्गावर पेनसिल्व्हेनिया रेलरोड या खाजगी कंपनीने १९३५पर्यंत विद्युतीकरण पूर्ण केलं. ऐन महामंदीत, रूझवेल्ट सरकारच्या सार्वजनिक कामांच्या योजनेतून मिळालेल्या कर्जावर. १९७६ साली या मार्गाचा मोठा भाग अ‍ॅमट्रॅकच्या, म्हणजे पर्यायाने जनतेच्या मालकीचा झाला. म्हणून तिथल्या तारा टिकल्या. न्यू जर्सीत एडिसन भागात राहणारी आपली शेकडो मराठी मंडळी रोज मेट्रोपार्क स्टेशनवर उभी राहून याच मार्गाच्या गाड्यांची वाट पाहतात. आणखी गंमत म्हणजे तिथून हाकेच्या अंतरावर मेन्लो पार्कला खुद्द एडिसनने १८८० साली विजेची प्रायोगिक रेल्वे चालवून दाखवली होती.

दोन्ही मार्ग खाजगी कंपन्यांनी बांधले, दोन्ही कंपन्या पुढे बुडाल्या. फरक एवढाच की एका ठिकाणी आधी सरकारचं कर्ज आलं आणि नंतर सरकारी मालकी, तर दुसऱ्या ठिकाणी दोन्ही वेळा कोणीच आलं नाही. अर्थात मोंटानात वस्ती अगदीच तुरळक, तेव्हा हा सामना काही बरोबरीचा नव्हता, हेही कबूल.

पण म्हणून सरकारने हात लावला की सोनं होतं असंही नाही. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २००८ साली अतिवेगवान रेल्वेसाठी जवळपास दहा अब्ज डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. २०२० साली गाडी धावणार होती. त्या वेळचा अंदाज ३३ अब्जांचा होता, आता आकडा शंभर अब्जांच्या घरात गेला आहे, आणि २०२५ साली केंद्राने आपले सुमारे चार अब्ज काढून घेतले. आणि आपल्याकडे? आपण प्रवासी भाडं कमी ठेवलं, ते चांगलंच केलं. पण त्याची भरपाई मालवाहतुकीचे दर चढे ठेवून केली. परिणामी १९५०-५१ साली ऐंशी टक्क्यांहून जास्त माल रेल्वेने जायचा, तो आता एक तृतीयांशही जात नाही. बाकीचा रस्त्यावर, डिझेल जाळत. अमेरिकेने उलटं केलं. १९८० साली कायदा करून मालगाड्यांचे दर मोकळे सोडले आणि मालवाहू रेल्वे पुन्हा धडधाकट झाली. पण प्रवासी मात्र त्यांच्या रुळांवरचा पाहुणाच राहिला. अ‍ॅमट्रॅकच्या गाड्यांचा सुमारे ७० टक्के प्रवास आजही दुसऱ्यांच्या रुळांवर होतो. दोन मोठे देश, आणि दोघांनी रेल्वेचा अर्धा-अर्धा भाग सांभाळला.

इथल्या वादात दर वर्षी एकच वाक्य ऐकू येतं: 'अ‍ॅमट्रॅक तोट्यात आहे.' असेल. पण रस्ता फायद्यात आहे का, हे कोणी विचारत नाही. पेट्रोलवरचा केंद्रीय कर १९९३ पासून गॅलनला १८.४ सेंटवरच अडकलेला आहे. त्यातून महामार्गांचा खर्च भागत नाही, म्हणून २००८ पासून केंद्राने सर्वसाधारण तिजोरीतून अडीचशे अब्ज डॉलरहून जास्त रक्कम त्या महामार्ग निधीत ओतली. रस्त्याला दिलं की ती 'गुंतवणूक', आणि रेल्वेला दिलं की 'अनुदान'. शब्दांतच अर्धा वाद हरलेला असतो. माझं म्हणणं असं नाही की रस्ते नकोत. मीही रोज गाडीनेच ऑफिसला जातो. म्हणणं एवढंच की दोघांना एकच तराजू लावा, आणि त्या तराजूत पुढच्या पन्नास वर्षांची ऊर्जाही घाला.

निराशेने संपवायचं नाही, कारण चित्र अगदीच काळं नाही. २०२१च्या पायाभूत सुविधांच्या कायद्यात रेल्वेसाठी ६६ अब्ज डॉलर होते. सप्टेंबर २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को ते सॅन होजे मार्गावर डिझेल जाऊन विजेच्या गाड्या आल्या. २०२४च्या आर्थिक वर्षात अ‍ॅमट्रॅकने ३ कोटी २८ लाख प्रवाशांचा विक्रम केला. उपनगरी गाड्या यात धरलेल्या नाहीत हे खरं, पण तरी आपल्या भारतीय रेल्वेचं हे जेमतेम दोन दिवसांचं काम!

आणि मोंटाना? तिथल्या काही काउंटींनी २०२० साली एकत्र येऊन एक प्राधिकरण स्थापन केलं आहे. दक्षिण मोंटानातून जाणारी अ‍ॅमट्रॅकची गाडी १९७९ साली बंद झाली होती, ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून. गाडी आली तर ती डिझेलवरच येईल, आणि दुसऱ्याच कंपनीच्या रुळांवरून. मिलवॉकीचे रूळ उखडलेत, तारा वितळवून त्यांचं आणखी काहीतरी झालं असेल. बांधायला पाच-सहा वर्षं लागली, काढायला एक उन्हाळा पुरला. परत लावायला किती लागतील, याचा हिशेब अजून तरी कोणाच्या वहीत नाही.

असो. चहा थंड झाला असेल.